कांद्याचा हिशेब कर्जाच्या खात्यातही मांडा: रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांना खुले पत्र

प्रति,
आर्थिक आणि धोरण संशोधन विभाग,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

विषय: महागाईचं लक्ष्य, निर्यातबंदी आणि पीककर्जाची थकबाकी यांचा एकत्र अभ्यास करण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तुमच्याकडून टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्या भाववाढीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयातले शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोचे साधारण ३३ पैसे, कांद्याचे ३६ आणि बटाट्याचे ३७ पैसे पडतात, हा त्यातला सगळ्यात गाजलेला निष्कर्ष. आमच्या निफाड-येवल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर तो बरेच दिवस फिरत होता. गोष्ट आम्हाला ठाऊक होती, आकडा नव्हता. देशाच्या मध्यवर्ती बँकेने तो छापला याचं समाधान वाटलं, हे आधीच नोंदवून ठेवतो. कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

मी निफाड तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीचा, म्हणजे गावात पीककर्ज वाटणाऱ्या सहकारी संस्थेचा, निवृत्त गटसचिव. नोकरी कमाल मर्यादा पत्रकं भरण्यात, सातबाऱ्यावर कर्जाचा इकरार, म्हणजे बोजा, चढवण्यात आणि मार्चअखेरच्या वसुलीत गेली. अर्थशास्त्राची पदवी नाही. तरी तुमचं मासिक बुलेटिन आणि सहामाही वित्तीय स्थैर्य अहवाल मी वाचतो, इंग्रजीतून, अडखळत. बँकेचं मुख्यालय १९३७ पासून मुंबईत आहे. एवढ्या वर्षांत निदान अहवालांचा सारांश तरी नियमाने मराठीत यायला हरकत नव्हती. असो, तो आजचा विषय नाही.

आजचा विषय असा की तुमचा निबंध बाजार समितीच्या फाटकापाशी थांबतो. शेतकऱ्याला ३६ पैसे मिळाले, ठीक. त्या ३६ पैशांतून सोसायटीचं कर्ज फिटलं का? आणि ज्या वर्षी दिल्लीहून निघालेल्या एका अधिसूचनेने भाव कोसळला, त्या वर्षीच्या कर्जाचं पुढे काय झालं? महागाई हा एका विभागाचा विषय आणि वित्तीय स्थैर्य दुसऱ्या विभागाचा, अशी तुमच्याकडे वाटणी असेल. आमच्याकडे दोन्ही एकाच माणसाच्या खातेउताऱ्यावर येतात.

आधी व्याजदराचं बोलू. तुम्ही बँकांना ज्या दराने कर्ज देता तो रेपो दर मे २०२० ते मे २०२२ ४ टक्के होता. मग तो चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. शहरात त्याची झळ लगेच पोचली, कारण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या घरकर्जाचे बदलते दर बाहेरच्या मानदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेले आहेत. नाशिकरोडला फ्लॅट घेतलेल्या माझ्या भाच्याच्या हप्त्यांची मुदत त्या काळात कशी लांबत गेली ते मी पाहिलं आहे. पण आमच्या सभासदाचं पीककर्ज? केंद्राच्या व्याज सवलतीने ते ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेवर भरणाऱ्याला आणखी ३ टक्के सूट, आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना धरून तीन लाखांपर्यंत शून्य टक्के. रेपो ४ असताना शून्य, ६.५ झाल्यावरही शून्य. तुमची पतधोरण समिती दर दोन महिन्यांनी जो निर्णय घेते, तो आमच्या सोसायटीच्या उंबऱ्याच्या आत येतच नाही.

म्हणजे महागाईविरुद्धच्या लढाईतून आम्ही सुटलो असं नाही. आमच्यापर्यंत ती दुसऱ्या वाटेने येते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने उसळी घेतली आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. त्या दिवशी लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी रस्त्यावर उतरले. बंदी ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढवली गेली. ४ मे २०२४ ला उठली ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. शेवटचं शुल्क १ एप्रिल २०२५ ला हटलं. मोजलं तर दीड वर्षाहून जास्त काळ, म्हणजे खरिपाचा पोळ, रांगडा आणि उन्हाळ असा प्रत्येक हंगाम कुठल्या ना कुठल्या निर्बंधाखाली विकला गेला.

तुमच्या पतधोरणाच्या निवेदनांत या सगळ्याची नोंद एका ओळीत होते: पुरवठा सुधारण्यासाठी सरकारने केलेल्या उपाययोजनांमुळे खाद्यपदार्थांच्या किमतींवरचा दबाव कमी होईल, अशा आशयाची. कांदा, टोमॅटो, बटाटा मिळून २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात जेमतेम २.२ टक्के वजन. पण तेवढ्यानेच निर्देशांक कसा हेलकावे खातो हे तुमच्याच निबंधात आहे. व्याजदर वाढवून कांदा पिकत नाही, हे तुम्हीही जाणता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होऊ नये म्हणून सरकार रामेश्वरीच बंब पाठवतं. त्याने आग विझते, पण घरात पाणी किती शिरलं हे बघायला कोणी येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की महागाई ४ टक्के, अधिक-उणे २, या चौकटीत ठेवायचं काम कायद्याने २०१६ पासून तुमच्याकडे आहे. ते साधायला निर्यातबंदी हातभार लावत असेल, तर तिची किंमत हा पतधोरणाच्या संशोधनाचाच भाग आहे. ‘तो वाणिज्य मंत्रालयाचा विषय’ असं म्हणून ती तुमच्या समीकरणांच्या बाहेर ठेवता येणार नाही.

ही किंमत तुमच्या आकड्यांत का दिसत नाही, तेही सांगतो. ग्रामीण भागात बँकिंग केलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. अहवालात मात्र ते वाचायला मिळत नाही. आम्ही त्याला नवं-जुनं म्हणतो.

मार्चचा शेवटचा आठवडा. सभासदावर दोन लाखांचं पीककर्ज. कांद्याचे पैसे आले ते काढणीच्या मजुरीत आणि कृषी सेवा केंद्राच्या उधारीत गेले. ३१ मार्चच्या आत भरलं नाही तर शून्य टक्के हातचं जातं, नवं कर्ज मिळत नाही आणि नाव थकबाकीदारांच्या यादीत लागतं. मग तो गावातल्या एखाद्या पैसेवाल्याकडून आठ-दहा दिवसांसाठी दोन लाख उचलतो. शेकडा दोन रुपये ठरतात. एरवी हा महिन्याचा दर, मार्चमध्ये आठवड्याचा. सकाळी पैसे भरून पावती घ्यायची, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं कर्ज खात्यावर पडलं की काढून पैसेवाल्याच्या हातात द्यायचं. बहुतेक वेळा पैसेवाला किंवा त्याचा माणूस बँकेच्या बाहेर मोटारसायकलवर बसलेलाच असतो. सोसायटीच्या दप्तरी वसुली पूर्ण. सोसायटीला पैसा पुरवणाऱ्या जिल्हा बँकेच्या लेखी नियमित कर्जदार. सरकारच्या लेखी व्याज सवलतीला पात्र. शून्य टक्क्याच्या कर्जाला चार हजार रुपये पडले, ते मात्र कुठल्याच कागदावर नाहीत. आणि खरिपाच्या बियाण्याला, खताला त्या नव्या कर्जातला एक रुपयाही उरलेला नाही. ते पुन्हा उधारीवरच यायचं.

गटसचिवाला हे दिसत नाही असं समजू नका. दिसतं. सोसायटीची वसुली घसरली की बँक पातळीवर पुढचा कर्जपुरवठा अडतो, त्यात चांगले कर्जदारही भरडले जातात, म्हणून सगळेच मान खाली घालून पावत्या फाडतात. मीही फाडल्या.

मोठ्या उद्योगांची थकलेली कर्जं नवी कर्जं देऊन जिवंत ठेवण्याचा प्रकार २०१५ च्या मालमत्ता गुणवत्ता आढाव्यात रिझर्व्ह बँकेने उघडा पाडला. चांगलंच केलं. तोच प्रकार दोन लाखांच्या पातळीवर गावोगाव चालतो. फरक इतकाच की तिथे फायदा उद्योगपतीचा होता आणि इथे पैसेवाल्याचा होतो. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर ते अनुत्पादक (एनपीए), असा तुमचा नियम. नवं-जुनं केलेलं कर्ज एक दिवसही थकत नाही. मग दोन-तीन वर्षांनी एखाद्या मार्चमध्ये पैसेवाला नाही म्हणतो, किंवा मुलीचं लग्न निघतं, किंवा विहीर आटते, आणि खातं एकदम पडतं. तेव्हा तुमच्या टेबलावरच्या आकड्यांत थकबाकी वाढलेली दिसते, पण त्या वर्षी कांद्याला बरा भावही असू शकतो. ‘भाव आणि थकबाकी यांचा संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष एखादा तरुण संशोधक प्रामाणिकपणे काढेल आणि तो साफ चुकीचा असेल. धक्का डिसेंबर २०२३ चा, खड्डा कदाचित मार्च २०२६ चा.

वित्तीय स्थैर्य अहवालात तुम्ही ताणचाचण्या घेता: व्यापारी बँकांच्या, नागरी सहकारी बँकांच्या, बिगरबँक वित्तीय कंपन्यांच्या. विकास दर इतका घसरला, महागाई इतकी वाढली तर भांडवल पुरेल का, वगैरे. जिल्हा मध्यवर्ती बँका नाबार्डच्या, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या, देखरेखीखाली, म्हणून त्या चित्राच्या कडेला. आकाराने लहान आहेत, त्यांच्यामुळे देशाची बँकव्यवस्था कोसळणार नाही, हे मान्य. पण ताणचाचणीत शेतमालाचे भाव पडण्याच्या धक्क्याकडेही का बघू नये? आमच्याकडे बँका बुडतात त्या भाव पडल्यावर.

याचा ताजा पुरावा ऑक्टोबर २०२५ चा. किरकोळ महागाई ०.२५ टक्के, त्या मालिकेतला नीचांक. भाजीपाल्याच्या किमती वर्षभरात २७ टक्क्यांहून अधिक घसरलेल्या. वर्तमानपत्रांनी गृहिणींना दिलासा म्हणून मथळे दिले, डिसेंबरात रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. त्याच ऑक्टोबरात आमच्याकडे साठवणुकीच्या चाळीतला उन्हाळ कांदा कोंब फुटून सडत होता आणि गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, गाडीभाडं सुटत नव्हतं. महागाई ६ च्या वर गेली की बँकेला जाब द्यावा लागतो, २ च्या खाली गेली तरी द्यावा लागतो, असं कायदा सांगतो. अट एकच, सलग तीन तिमाह्या. कागदावर समतोल आहे. पण खालची बाजू ओलांडली तेव्हा ओरडणारा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही, कारण महागाईच्या अपेक्षांचं तुमचं प्रमुख सर्वेक्षण शहरातल्या घरांत होतं आणि तिथे कांदा फक्त विकत घेतला जातो.

उलट बाजू मी विसरलेलो नाही. गावातही निम्मी माणसं कांदा विकत घेतात. शेतमजुराच्या घरी ८० रुपये किलोचा कांदा येत नाही, आणि त्याला माझी थकबाकीची कहाणी ऐकवून पोट भरणार नाही. अन्नधान्याची भाववाढ इतर किमतींत आणि मजुरीत झिरपते, म्हणून ती लक्ष्यातून वगळू नका, असं तुमच्याकडच्या लेखकांनी ऑगस्ट २०२४ च्या बुलेटिनमध्ये मांडलं. आर्थिक पाहणी अहवालात नेमकी उलटी सूचना आली होती. त्या वादात मी तुमच्या बाजूचा आहे. अन्न वगळलेला निर्देशांक घेऊन शेतमजुराने काय करायचं? पण अन्न लक्ष्यात ठेवायचं ठरलं, की अन्न स्वस्त ठेवण्याचा भार कोणी उचलला हेही मोजायला लागतं.

कर्जमाफीवर रिझर्व्ह बँक मोकळेपणाने बोलते. माफीने कर्जफेडीची शिस्त बिघडते, असं २०१७ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल म्हणाले. कृषी पतपुरवठ्यावरच्या २०१९ च्या अंतर्गत कार्यगटानेही राज्यांना माफी टाळायला सांगितलं. मी नोकरीत असताना २०१७ ची माफी राबवली, २०१९ चीही, आणि शिस्त बिघडते हे शंभर टक्के खरं आहे. नियमित भरणारे सभासद आम्हाला तोंडावर विचारायचे, आम्ही काय मूर्ख म्हणून भरलं? मात्र माफीच्या आधी बहुतेक वेळा पडलेला भाव असतो, आणि पडलेल्या भावामागे काही वेळा बंदी असते. सरकार एका हाताने भाव पाडतं, दोन-तीन वर्षांनी निवडणूक आली की दुसऱ्या हाताने कर्ज माफ करतं. या साखळीच्या शेवटच्या कडीवर तुमची भरपूर शाई खर्च झाली आहे. पहिल्या कडीबद्दल तुमच्या निबंधात खासगी बाजार, साठवणूक, शेतकरी उत्पादक कंपन्या, कांद्याचा वायदेबाजार अशा सूचना आहेत, त्या चांगल्याच आहेत. फक्त वायद्यांच्या बाबतीत हसू आलं. सोयाबीन-हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढत राहिली; तिथे कांद्याचे वायदे कोण सुरू होऊ देणार?

तुमच्या संस्थेला हे काम नवीन नाही. शेतीपतपुरवठ्यासाठी वेगळा विभाग हवा ही अट रिझर्व्ह बँकेच्या मूळ १९३४ च्या कायद्यातच होती. १९५१-५२ मध्ये बँकेने ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं पालथी घालून ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला अध्यक्ष, समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, असं त्या पाहणीने स्वच्छ सांगितलं आणि सहकार फसला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा निर्वाळा दिला. आज आमच्या गावात सोसायटी आहे ती त्या संशोधनामुळे, असं म्हटलं तरी चालेल. १९८२ मध्ये नाबार्ड झालं आणि शेतीचं दप्तर तिकडे गेलं. दप्तराबरोबर कुतूहलही गेलं की काय, अशी शंका येते.

आता नेमकी मागणी. विकास सोसायट्यांचं संगणकीकरण करण्याची केंद्राची योजना जून २०२२ मध्ये मंजूर झाली: ६३ हजार सोसायट्या, २,५१६ कोटी रुपये, एक सामाईक आज्ञावली, नाबार्डशी जोडलेली. म्हणजे कर्जखाती आता कपाटात नाहीत. प्रत्येक सोसायटीच्या कमाल मर्यादा पत्रकात सभासदनिहाय, पीकनिहाय क्षेत्र आणि मंजूर कर्ज असतं. लासलगाव, पिंपळगाव, येवला इथल्या लिलावांचे रोजचे भाव उपलब्ध आहेत. बंदीची तारीख पक्की आहे. एकाच सोसायटीतले कांद्यावर कर्ज घेतलेले आणि मका-सोयाबीनवर घेतलेले सभासद शेजारी शेजारी ठेवा आणि पुढची तीन वर्षं बघा.

एक सावधगिरी: तुलनेला द्राक्षवाले घेऊ नका. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी गारपिटीने निफाडच्या बागा झोडपल्या, बंदीच्या आधी जेमतेम दोन आठवडे. कांद्यालाही गारांचा मार बसला, तेव्हा गारांचं नुकसान आणि बंदीचं नुकसान गावनिहाय पंचनामे बघूनच वेगळं करावं लागेल. आणि फक्त थकबाकीचा आकडा बघू नका. कर्ज भरल्याची तारीख आणि नवं कर्ज उचलल्याची तारीख यांतलं अंतर बघा. ज्याच्या खात्यात ते आठ-दहा दिवसांचं आहे आणि रक्कम जवळपास तेवढीच, तिथे नवं-जुनं झालं असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. बंदीनंतरच्या मार्चमध्ये अशी खाती किती वाढली, एवढा एकच तक्ता तुम्ही छापलात तरी सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यांच्या गठ्ठ्यांनी जे कळत नाही ते कळेल.

दुसरी मागणी छोटी आहे. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली, म्हणून कायद्याप्रमाणे बँकेने सरकारला कारणं सांगणारं पत्र पाठवलं. ३ नोव्हेंबरला त्यासाठी समितीची खास बैठक झाली. ते पत्र जाहीर झालं नाही. इंग्लंडात महागाई लक्ष्यापासून एका टक्क्याहून जास्त सरकली की बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर अर्थमंत्र्याला पत्र लिहितो आणि ते सर्वांसमोर येतं. पहिलं एप्रिल २००७ मध्ये आलं. आपल्या पत्रात महागाई खाली आणण्यासाठी काय काय धरलं होतं? त्या वर्षी मे महिन्यात गव्हाची निर्यात बंद झाली, सप्टेंबरात तुकडा तांदळाची. व्याजदराने किती काम केलं आणि निर्यातबंदीने किती, असा हिशेब त्यात असेल तर तो आम्हाला वाचायचा आहे, कारण दुसऱ्या भागाचं बिल आमच्याकडे आलेलं आहे. पत्र सरकारचं आहे, ते जाहीर करणं आमच्या हाती नाही, असं तुम्ही म्हणाल. मग त्यामागचं संशोधन तरी तुमचं आहे, ते द्या.

निफाडला अभ्यासाला आलात तर सहाय्यक निबंधक कार्यालयातून गावांची यादी मिळेल, सोसायट्या दप्तर दाखवतील, पीकनिहाय पत्रकं कशी वाचायची ते मी सांगेन. येताना एप्रिल-मे टाळा, तेव्हा सगळं नीटनेटकं असतं. २५ मार्चच्या सुमारास या.

कळावे,

आपला,
एक निवृत्त गटसचिव,
ता. निफाड, जि. नाशिक